शांत गावाचं खोडरबर

आमच्या राज्यात गुन्हे कधी वाढले आणि कधी घटले, याचा पन्नास वर्षांचा आलेख दरसाल राजधानीतल्या पेपरात छापून येतो. तो आला की विद्वान मंडळी बाह्या सरसावतात. एक म्हणतो, दारू. दुसरा म्हणतो, बेकारी. तिसऱ्याचं म्हणणं असतं की आईबापांना पोरांसाठी वेळ नाही. या सगळ्या गदारोळात एनिड पोल्किंगहॉर्नचं नाव काही कुणी घेत नाही. आणि त्या आलेखाचा एक तुकडा तर या बाईनं अडतीस वर्षं स्वतःच्या हातानं घडवलेला आहे!

एनिड म्हणजे आमच्या कॅरावीच्या पोलीस ठाण्यातली कारकून. १९७१ साली, विसाव्या वर्षी, ती टाइपरायटरसमोर बसली ती २००९ साली कॉम्प्युटरसमोरून उठली. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं विचारलं की म्हणायची, "गावातल्या सगळ्या नवऱ्यांची माहिती माझ्याकडे आहे, म्हणून." लोक हसायचे. तिला विनोदी बाई समजायचे. ती विनोद करत नव्हती, हे कळायला गावाला जवळजवळ अर्धं शतक लागलं. आमच्याकडे कुठलीही गोष्ट कळायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

तिचं मुख्य काम म्हणजे मासिक तक्ता. महिनाभरात गावात किती चोऱ्या, किती मारामाऱ्या, किती मेंढ्या पळवल्या, हे मोजून राजधानीला पाठवायचं. तिथे त्याचा दर काढायचे, लाखामागे. आता आमच्या गावाची वस्ती अकराशे, ती लाख व्हायला आम्ही आणखी हजारो वर्षं बाळंतपणं करत बसलो तरी होणार नाही. पण नियम म्हणजे नियम. पबमध्ये एकानं एकाला एक ठोसा मारला की राजधानीत लाखामागे एक्याण्णव ठोसे पडायचे. त्यामुळे कॅरावीतला प्रत्येक ठोसा फार जपून मोजावा लागे.

आणि जपून मोजण्यात सार्जंट डेस ओटीचा हात धरणारा कुणी नव्हता. १९६८ ते १९८९, एकवीस वर्षं तो ठाण्याचा प्रमुख होता. फार भला माणूस, असं सगळे म्हणतात, आणि होताही. फुटबॉलच्या संघाला शिकवायचा, म्हाताऱ्यांच्या पाण्याच्या टाक्या दुरुस्त करून द्यायचा, कुणाच्याही दफनाला गेला की घळाघळा रडायचा. त्यानं पहिल्याच आठवड्यात एनिडला समोर बसवून कामाची पद्धत समजावली.

"हे बघ पोरी, हे पेन आणि ही पेन्सिल. चोरी, घरफोडी, मेंढ्या, परक्याशी मारामारी, हे पेननं. नवरा-बायकोचं पेन्सिलीनं."

"पेन्सिलीनं का, सार्जंट?"

"अगं, आज भांडतात, उद्या गळ्यात गळे. मग आपण उगाच त्यांच्या संसाराला शाईचा डाग कशाला लावायचा? महिनाअखेरपर्यंत बाई परत आली नाही, की खोडून टाकायचं. शाईचं राजधानीला जातं, पेन्सिलीचं कॅरावीत राहतं."

किती समजूतदारपणा! बाई परत का येत नाही, हा प्रश्न त्या समजूतदारपणात बसत नव्हता. ज्या घरात तिला मारलं त्याच घरात तिला सार्जंट आपल्या गाडीतून सोडून यायचा, नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून "जरा सांभाळून घे रे" म्हणायचा, चहा प्यायचा आणि निघायचा. परत आली असती तर पुन्हा तोच प्रवास, तोच चहा. कोण येणार परत?

मग महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी एनिड नोंदवही उघडायची आणि साफसफाई करायची. खोडायचं, फुंकर मारायची, बोटानं कीस झटकायचा आणि मोकळ्या झालेल्या ओळीवर एखादी हरवलेली सायकल शाईनं लिहायची. दर नाताळला सार्जंट तिला रंगीत कागदात गुंडाळून नवंकोरं खोडरबर भेट द्यायचा. सगळं ठाणं हसायचं. सगळं ठाणं म्हणजे तो, एनिड आणि एक हवालदार.

अशा रीतीनं कॅरावी हे राज्यातलं सर्वांत शांत गाव झालं. वर्षाला दोन मारामाऱ्या, फार तर तीन. आलेखावर आमच्या गावाची रेघ जमिनीला पाठ टेकून झोपलेली. मग १९९० उजाडलं, ओटी निवृत्त झाला, नवा सार्जंट आला, त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "या नोंदवहीत पेन्सिल कशाला?" आणि सगळ्या पेन्सिली उचलून शाळेला देऊन टाकल्या. त्या वर्षी कॅरावीत अडतीस मारामाऱ्या झाल्या. दोनावरून अडतीस!

गावानं तोंडात बोट घातलं. कारणं शोधायला मात्र गाव मागे राहिलं नाही. कुणी म्हणालं, व्हिडिओचं दुकान निघालं म्हणून. कुणी म्हणालं, लोकरीचे भाव पडले म्हणून. पाद्रीबुवांनी रविवारी चर्चमध्ये खुंटासारखं ताठ उभं राहून सांगितलं की बायका पॅंट घालायला लागल्या म्हणून. एनिड मागच्या बाकावर बसून ऐकत होती. तिनं पॅंटच घातली होती.

तर हे सगळं असंच गाडलं गेलं असतं. पण गावाला दीडशे वर्षं पुरी व्हायला आली आणि पंचायतीचा अध्यक्ष नेव्हिल ट्रेझीस याच्या अंगात समारंभ संचारला. ठाण्याची जुनी दगडी इमारत आता गावाचं संग्रहालय झाली होती. तिच्या पुढच्या मोकळ्या जागेत त्यानं बाग करायची ठरवली. सार्जंट डेस ओटी बाग. ओटीला जाऊन पंधरा वर्षं होत आली होती. बागेत फलक, फलकावर सोनेरी अक्षरं: "राज्यातलं सर्वांत शांत गाव, १९६८ ते १९८९."

"पडदा तूच ओढायचा एनिड," नेव्हिल म्हणाला. "त्या काळातलं ठाण्यातलं दुसरं उरलंय कोण?"

"मी उरलेय हे खरं," एनिड म्हणाली.

"दोन शब्द पण बोल. ते जुने दिवस. दाराला कुलूप नसायचं, वगैरे."

"दाराला कुलूप नसायचं हे खरंच आहे नेव्हिल. असतं तर काही बायकांना बरं पडलं असतं."

नेव्हिल हसला. विनोदी बाई!

त्याच सुमाराला राजधानीहून जॅसिंटा फॉन नावाची एक तरुण मुलगी आली. आकडेवारीच्या खात्यातली, नावामागे डॉक्टर लावणारी, पायात पांढरे बूट, जे आमच्या लाल धुळीत अर्ध्या तासात गुलाबी झाले. सगळ्या राज्याच्या पन्नास वर्षांच्या आलेखावर ती पुस्तक लिहीत होती आणि कॅरावीची ती १९९० सालची उडी तिला काही केल्या उलगडत नव्हती. संग्रहालयातल्या जुन्या नोंदवह्या ती गुरुवारी बघणार होती. आदल्या सोमवारी एनिडनं तिला चहाला बोलावलं. एनिडकडे कुणी चहाला आलं की तिची धाकटी बहीण व्हॉनी असणारच, कारण चहाबरोबरचे स्कोन, म्हणजे छोटे गोल पाव, भाजायची ती व्हॉनीच.

व्हॉनी पासष्टीची. टेबलाशी बसताना ती नेहमी अशी बसायची की सगळे आपल्या उजव्या बाजूला येतील. डाव्या कानानं तिला ऐकू येत नव्हतं. लहानपणी धरणात पोहताना कानात पाणी गेलं, असं गावाला माहीत होतं. लहानपणी व्हॉनीला पोहता येत नव्हतं, हेही गावाला माहीत होतं, पण गावानं या दोन गोष्टी कधी शेजारी शेजारी ठेवल्या नाहीत.

जॅसिंटानं नोंदवह्यांचं नाव काढलं मात्र, व्हॉनीनं हातातली सुरी खाली ठेवली.

"त्यात माझ्या नोंदी आहेत," ती म्हणाली. "चार वेळा. ब्याऐंशी ते चौऱ्याऐंशी. डेसनं माझ्यासमोर लिहिलंय."

एनिड उगाचच दुधाचं भांडं आणायला उठली. भांडं टेबलावरच होतं.

"मला त्याची नक्कल मिळेल का गं?" व्हॉनी जॅसिंटाला विचारत होती. "माझ्या मुलीला दाखवायचीय. कॅरिनला. ती तिकडे राजधानीत असते. लॉयड गेला तेव्हा दफनाच्या दिवशी मी तिला पहिल्यांदा सांगितलं, की तुझा बाप असा असा वागायचा. तर मला म्हणाली, आई, बाबा गेल्यावर हे काढतेस? एवढं खरं असतं तर पोलिसात काहीतरी असतं ना! मी म्हटलं, आहे. आहे पोलिसात. सहा वर्षं झाली, माझ्याशी धड बोलत नाही. नाताळला कार्ड पाठवते, त्यावर नुसती सही."

"मी नक्की शोधीन," जॅसिंटा म्हणाली. "तारखा आठवतात तुम्हाला?"

"आठवतात?" व्हॉनी म्हणाली. "मला दुसरं काही आठवत नाही पोरी. आणि खरं सांगू का, त्या सगळ्या वर्षांत एकच गोष्ट धरून होते मी. म्हटलं, कुठेतरी लिहिलेलं आहे. कुणी वाचो न वाचो. लिहिलेलं आहे."

एनिडनं चहा ओतला. निम्मा बशीत.

सोमवार गेला. मंगळवार गेला. एनिडनं भाषणाचे दोन शब्द लिहायला घेतले आणि कागदावर पेन्सिल टेकवून बसून राहिली. त्या चार शुक्रवारांची गोष्ट ती स्वतःलासुद्धा सांगत नसे. पहिल्यांदा बहिणीचं नाव खोडताना ती तीनदा थांबली होती, कागद फाटेल की काय असं वाटलं होतं. सार्जंट म्हणाला होता, "मी लॉयडला समजावलंय. घरातलं आहे, घरात मिटेल. तू बहीण आहेस, तूच जास्त ताणू नकोस." आणि ती नाही ताणत बसली. नोकरी होती, गाव होतं, लॉयड पेंगली फुटबॉलच्या संघाचा कप्तान होता. दुसऱ्यांदा थांबली नाही. चौथ्यांदा तर तिनं चहाच्या सुट्टीच्या आत सगळं उरकलं होतं. हे चौथं तिला झोपू द्यायचं नाही.

बुधवारी सकाळी ती व्हॉनीच्या स्वयंपाकघरात गेली आणि उभ्या उभ्या बोलली.

"व्हॉनी, तुझ्या नोंदी तिथे नाहीत."

"काय?" व्हॉनीनं मान वळवून उजवा कान पुढे केला.

"नाहीत. डेसनं पेन्सिलीनं लिहिल्या होत्या. महिनाअखेरीला खोडायची पद्धत होती."

"कुणी खोडल्या?"

एनिडला वाटलं, ही हे विचारणार नाही. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

"मी."

व्हॉनीनं हातातलं भांडं विसळलं, पुसलं, जागेवर ठेवलं.

"चारही?"

"चारही."

"म्हणजे मी समोर बसून रडत होते तेव्हा तू मागे बसून तारीख बघत होतीस? महिना कधी संपतोय म्हणून?"

"व्हॉनी..."

"त्याच आठवड्यात लॉयडचे तीन एडके चोरीला गेले होते, आठवतं तुला? फुटबॉलच्या फायनलनंतरच्या आठवड्यात. त्यांचं काय केलंत?"

एनिडला आठवत होतं. न आठवून सांगते कुणाला! एडक्यांची नोंद दोन पानं भरून शाईनं होती. वय, वजन, लोकरीचा रंग, डाव्या कानाला कुठे खाच आहे, किती खोल आहे, सगळं. तिनंच टाइप केली होती. राजधानीला गेली होती. राज्याच्या आलेखात ते तीन एडके आजही मोजलेले आहेत.

"ती नोंद आहे," एनिड म्हणाली. "शाईनं."

"एडक्यांच्या कानाची आहे," व्हॉनी म्हणाली. "बरं. जा आता तू."

गुरुवारी जॅसिंटानं संग्रहालयात नोंदवह्या उघडल्या आणि एनिडनं तिच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. पोरीनं पेन खाली ठेवलं. पन्नास वर्षांच्या आलेखावर तिनं तीन प्रकरणं लिहून ठेवली होती, दारू, बेकारी आणि लोकरीचे भाव.

"म्हणजे नव्वद साली काहीच घडलं नाही?" ती म्हणाली.

"घडलं ना. पेन्सिली संपल्या."

व्हॉनीनं मात्र बोलणं टाकलं. एनिडनं पाठवलेल्या खिम्याच्या पेस्ट्या बशीसकट परत आल्या, त्याही गार. बोल्सच्या मैदानावर, जिथे गावातली म्हातारी मंडळी हिरवळीवर चेंडू घरंगळवतात, तिथे दोघी दोन टोकांना. अकरा दिवस असे गेले. अडुसष्ट वर्षांच्या बाईला पासष्ट वर्षांच्या बहिणीनं अबोला धरून असं पोरीसारखं रडवावं, हे बघून मला हसूही आलं आणि रागही आला, आणि राग नक्की कुणाचा हे काही ठरवता आलं नाही.

बाराव्या दिवशी व्हॉनी दारात उभी. आत आली नाही.

"खोडलेलं परत लिहिता येतं का?"

"नोंदवहीत नाही. पण तक्रार आत्ता देता येते."

"चाळीस वर्षांनी?"

"कधीही. आणि ऐक." एनिडच्या आवाजात अडतीस वर्षांची कारकून जागी झाली. "गुन्हा घडला कधी, याला तक्त्यात किंमत नाही. नोंदला कधी, ते धरतात. ब्याऐंशीचा गुन्हा आज लिहिला, तर या सालच्या आकड्यात जातो."

"लॉयड मेलाय."

"मरू दे. तक्त्यात माणूस मोजत नाहीत, गुन्हा मोजतात."

व्हॉनीनं जरा विचार केला. "माझ्या एकटीचा का म्हणून? ब्रॉन्विन गिल्लिसचा हात दोनदा मोडला होता. ती काय जिन्यावरून पडली? त्यांच्या घराला जिना होता का कधी?"

ही गोष्ट बोल्स क्लबात गेली. बोल्स क्लबात गेली म्हणजे गावात दवंडी पिटली गेली. पुढच्या मंगळवारी सकाळी नऊला नव्या ठाण्याच्या दाराशी सतरा बायका उभ्या होत्या. सगळ्यांत तरुण एकसष्टची, सगळ्यांत थोरली अठ्ठ्याऐंशीची, चाकांचा वॉकर ढकलत. तिनं येताना चहाचा फ्लास्क आणि लॅमिंग्टन केक आणले होते. वेळ लागणार हे तिला ठाऊक होतं, मागच्या वेळी चाळीस वर्षं लागली होती.

कॉन्स्टेबल बेक टूहिल ही पंचविशीतली मुलगी. एकटीच ड्युटीवर. तिला आधी वाटलं की देणगी मागायला आल्यात.

"बोला मावश्यांनो, काय काम काढलंत?"

"मारहाणीची तक्रार द्यायचीय," व्हॉनी म्हणाली.

"अरे देवा! कुणाला मारलं?"

"आम्हाला."

"सगळ्यांना? कधी?"

"माझी पहिली, ब्याऐंशी, मेंढ्यांची कातरणी संपली त्या शनिवारी. दुसरी, त्र्याऐंशी, फायनलनंतरचा मंगळवार, हा कान. बस जरा पोरी, तुझे पाय दुखतील."

बेक कॉम्प्युटर सुरू करायला गेली, तर व्हॉनीनं हात वर केला. "आधी मी हातानं लिहिलेलं देणार. ते तुझ्या मशिनीत घाल नाहीतर चुलीत घाल. पण माझ्या बोटांना आता लिहिणं जमत नाही." तिनं मागे वळून न बघता हाक मारली. "एनिड! ये इकडे. बस. तू लिही. पेननं."

एनिड बसली. व्हॉनी सांगत गेली, चारही. कुठल्या खोलीत, कशानं, कुठल्या बाजूला. एडक्यांच्या नोंदीत होतं तेवढं सगळं. एनिडनं एक शब्दही सुटू दिला नाही. मधे एकदा तिच्या हातून तारीख चुकली. तिनं मान वर केली.

"काट मार आणि शेजारी बरोबर लिही," व्हॉनी म्हणाली. "चुकलेलं पण दिसू दे."

संध्याकाळपर्यंत लिहिणं चालू होतं. बायकांनी रांगेत एकमेकींना तारखा आठवून दिल्या. कुणी भाचीचं बारसं धरून, कुणी पूर आला ते साल धरून. दोन-तीन जणी लिहून झाल्यावर बाहेर जाऊन रडल्या, एक मोठमोठ्यानं हसत सुटली आणि थांबेना. त्रेसष्ट नोंदी झाल्या. सगळ्यात शेवटी एनिड स्वतः खिडकीसमोर उभी राहिली.

"मला पण द्यायचीय. स्वतःविरुद्ध. नोंदी खोडल्याची."

बेकनं बराच वेळ यादी खालीवर केली. "मावशी, याला तर रकानाच नाही."

"'इतर' मध्ये टाक," एनिड म्हणाली. "'इतर' नेहमी असतो."

पुढचं तुम्हाला पेपरातून ठाऊकच असेल. कॅरावीत हिंसक गुन्ह्यांचा स्फोट! एका दिवसात त्रेसष्ट, लाखामागे पाच हजार सातशे सत्तावीस! मंत्रिमहोदयांनी राजधानीत सांगितलं की कायदा मोडणाऱ्यांची गय केली जाणार नाही. ज्यांची गय करायची नव्हती त्यांतले बहुतेक चर्चच्या मागच्या दफनभूमीत झोपले होते आणि त्यांनी हे फारसं मनावर घेतलं नाही. टीव्हीवर एका विद्वानानं कारण सांगितलं: मोबाइल.

नेव्हिल ट्रेझीसची मात्र पाचावर धारण बसली. फलक रंगवून तयार होता. तो एनिडकडे धावत आला.

"आता त्या ओळीचं काय करू? सोन्याचा वर्ख लावलाय गं त्याला! सर्वांत शांत गाव कसं लिहू?"

"लिही की," एनिड म्हणाली. "फक्त पेन्सिलीनं लिही."

बाग झाली. फलकावर आता नुसतं "बाग" आहे. पडदा कुणीच ओढला नाही, वाऱ्यानं उडाला.

पुढच्या वर्षीचा आलेख आला तेव्हा जॅसिंटानं त्याची एक मोठी प्रत व्हॉनीला टपालानं पाठवली. पन्नास वर्षांची रेघ, आणि शेवटाकडे एकदम सुळकन वर गेलेलं एक टोक. व्हॉनीनं तो फ्रीजवर लावला. इतर आज्या नातवंडांचे फोटो लावतात तिथे. आलेल्या-गेलेल्याला दाखवायची. एनिडलाही चहाला बोलवायला लागली. माफ केलं असं काही म्हणाली नाही, एनिडनंही विचारलं नाही. फक्त कपात चहा ओतायचं काम तिनं एनिडवर टाकलं, आणि बशीत सांडला की टोमणा मारायची.

नाताळच्या आधी एका दुपारी कॅरिन आली. सात वर्षांनी. न कळवता, कार्डाऐवजी. एनिड तेव्हा तिथेच होती, किटली भरत होती. कॅरिन दारात पर्स धरून उभी. तिनं फ्रीजकडे बोट केलं.

"हे काय लावलंयस आई?"

"राज्यातले गुन्हे," व्हॉनी म्हणाली. "हे वरचं टोक दिसतंय का? त्यात चार माझे आहेत. एक कानाचा."

कॅरिन फ्रीजजवळ गेली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्या टोकावर तिनं बोट ठेवलं. एनिडनं किटली गॅसवर ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिली, काडी पेटवायचीसुद्धा तिला आठवण राहिली नाही.

"धरणात गेला म्हणतात तो कान गं, आई?" कॅरिननं विचारलं.

"काय?"

कॅरिननं खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि आईच्या उजव्या बाजूला येऊन बसली.